पाकिटावरची तारीख: आधी गुपित, मग छापील

हा भाग कानांनी ऐकायचा सोडून डोळ्यांनी वाचायला आलेल्यांचंही स्वागत. नेहमीसारखंच, बोललो ते थोडं झाडूनपुसून इथे ठेवलंय. अडखळणं आणि मागचे रिक्षांचे हॉर्न तेवढे काढलेत.

विषय अगदी घरातला. ॲपवरून दही मागवलं, दहा-पंधरा मिनिटांत दारात आलं, तर पिशवीतून काढल्यावर आपण पहिलं काय करतो? डबा फिरवतो. वर बघतो, खाली बघतो, कडेला बघतो. कुठेतरी फिकट ठिपक्याठिपक्यांत छापलेली तारीख सापडली की जीव भांड्यात पडतो. तारीख पुढची असली तर दही चांगलं, मागची असली तर विष. मधलं काही नाहीच.

या तारखेवर आपला इतका विश्वास आहे की ती फार जुनी गोष्ट असणार असं वाटतं. कुठेतरी माणसं दगावली असतील, सरकार हादरलं असेल, कायदा झाला असेल आणि त्या दिवसापासून डब्यावर तारीख आली असेल. गोष्ट म्हणून हे छान आहे. घडलं मात्र असं नाही. ही तारीख सुरुवातीला ग्राहकासाठी नव्हतीच. ती दुकानाच्या मागच्या खोलीत होती, आणि ग्राहकाला वाचता येणार नाही अशा भाषेत होती. (आणि हो, शिकागोच्या अल कपोन या गुंडाने दुधाच्या बाटलीवर तारीख आणली, अशी एक गोष्ट इंटरनेटवर फिरत असते. ऐकायला भारी आहे, पण इतिहास म्हणून मी ती धरत नाही.)

मागच्या खोलीत शिरण्याआधी अजून थोडं मागे जाऊ. कारण तारखेची गरज पडण्याआधी एक गोष्ट व्हावी लागली. माणसाचं नाक बाद व्हावं लागलं.

सुट्ट्या मालाचं दुकान डोळ्यांसमोर आणा. तोंड उघडी ठेवलेली पोती. तांदूळ ओंजळीत घेऊन फुंकर मारायची, शेंगदाणा तोंडात टाकून खवट लागतो का बघायचं, रव्यात जाळी धरलीय का, डाळीत सोंडे फिरतायत का, हे उभ्या उभ्या तपासायचं. माल किती जुना आहे हे दुकानदाराला जास्त माहीत असायचं, पण गिऱ्हाईकही अगदी आंधळं नव्हतं. शिवाय जुनं म्हणजे वाईट असंही काही नव्हतं. जुना तांदूळ मोकळा होतो म्हणून त्याला दोन पैसे जास्त. मुरल्याशिवाय लोणच्याला कुणी लोणचं म्हणायचं नाही. आणि कुरडया-पापडांची एक्सपायरी डेट आजी तोंडीच सांगायची: "हे मागच्या उन्हाळ्यातले आहेत, आधी हे संपवा." आज गोदामवाले ज्याला 'फर्स्ट इन, फर्स्ट आउट' म्हणतात, ते हेच की.

मग आला बंद डबा. फ्रान्समध्ये निकोला अपेर नावाच्या मिठाईवाल्याने काचेच्या बाटलीत अन्न भरून, बूच घट्ट लावून, बाटली पाण्यात उकळायची पद्धत बसवली. १८१० साली फ्रेंच सरकारने त्याला १२,००० फ्रँकचं बक्षीस दिलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पत्र्याच्या डब्याचं पेटंट निघालं. गंमत म्हणजे अन्न का टिकतं हे अपेरलाही माहीत नव्हतं. जंतूंचा प्रकार लुई पाश्चरने समजावला, तो त्यानंतर जवळपास अर्ध्या शतकाने.

डबा बंद झाला आणि वास बंद झाला. रंग बंद झाला. आत काय आहे ते फक्त डबा भरणाऱ्याला माहीत.

याचा पहिला मोठा भोपळा फुटला १८५२ च्या जानेवारीत. इंग्लंडच्या पोर्ट्समथ बंदराजवळ गॉस्पोर्टला नौदलाचं रसद ठेवायचं कोठार होतं. तिथे मांसाचे डबे तपासायला घेतले. उघडलेल्या ३०६ डब्यांपैकी खाण्यालायक निघाले फक्त ४२. बाकीच्यांत काय होतं ते जेवताना ऐकणारे असतील म्हणून सांगत नाही. खोलीतल्या फरशीवर ब्लीचिंग पावडर टाकत टाकत काम करावं लागलं, एवढ्यावरून समजून घ्या. हे डबे पुरवणारा कंत्राटदार स्टीफन गोल्डनर. त्याचा कारखाना आजच्या रोमानियात, डॅन्यूब नदीकाठी. नौदलाला स्वस्तात आणि मोठ्या आकाराचे डबे हवे होते, त्याने ते दिले. पण मोठ्या डब्याच्या मधल्या भागापर्यंत उष्णता नीट पोचली नाही, आणि आतलं मांस कच्चं राहून सडलं. १८४५ मध्ये आर्क्टिकला गेलेल्या फ्रँकलिनच्या मोहिमेलाही याच माणसाचे डबे होते. त्या मोहिमेतून कुणीच परत आलं नाही. त्यात डब्यांचा वाटा किती, यावर इतिहासकार अजून भांडतायत.

आता दुसरा डबा ऐका. १८२४ साली कॅप्टन पॅरीच्या आर्क्टिक मोहिमेबरोबर वासराच्या भाजलेल्या मांसाचा एक डबा गेला, आणि न उघडताच परत आला. तो जपून ठेवला गेला. शंभरहून जास्त वर्षांनी, १९३० च्या दशकाच्या शेवटी, शास्त्रज्ञांनी तो उघडला आणि आतलं मांस उंदरांना आणि एका मांजराला खाऊ घातलं. त्यांना काही झालं नाही.

एक डबा नौदलाच्या कोठारातच सडला, दुसरा शंभरी ओलांडून शाबूत. म्हणजे प्रश्न वयाचा नव्हता, डबा भरताना काय झालं याचा होता. ही जोडी मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढच्या सगळ्या घोळाचं मूळ इथेच आहे. तारीख वय सांगते. भरताना काय झालं ते ती सांगू शकत नाही.

आता मागच्या खोलीत जाऊ. ब्रिटनमधली मार्क्स अँड स्पेन्सर ही दुकानांची मोठी साखळी. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ मध्ये, तिने नेथन गोल्डनबर्ग नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला अन्नविभागात आणलं. तेव्हा कपड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या दुकानाला ताजं, थंड ठेवलेलं अन्न विकायचं होतं. गोठवलेलं नाही, नुसतं थंड. हे अवघड काम आहे, कारण कारखान्यापासून फळीपर्यंत थंडी कुठेही तुटून चालत नाही आणि माल दोन-चार दिवसांत गेला पाहिजे. म्हणून १९५० च्या दशकात त्यांनी कोठीखोलीतल्या मालावर तारखा घालायला सुरुवात केली. उद्देश एकच: कुठला खोका आधी बाहेर काढायचा हे कामगाराला कळावं. आजीचं "आधी हे संपवा" झालं ते. १९७० मध्ये या तारखा दुकानाच्या फळीवर, गिऱ्हाईकासमोर आल्या. आणि मग कंपनीच्या लक्षात आलं की अरे, ही तर जाहिरात आहे! आमचा माल ताजा, हा बघा पुरावा.

म्हणजे तारखेचा जन्म मालाची हलवाहलव नीट करण्यासाठी झाला आणि तिचं बारसं मार्केटिंगने केलं. आरोग्य खातं अजून चित्रातही नव्हतं.

अमेरिकेत याच सुमारास जास्त मजा चालली होती. तिथल्या कंपन्या डब्यांवर आकड्या-अक्षरांचे कोड छापायच्या. कंपनीच्या आणि दुकानाच्या माणसाला त्यावरून माल कधीचा ते कळायचं, बाईमाणसाला घरी नेईपर्यंत काही कळायचं नाही. साठ-सत्तरचं दशक, ग्राहक चळवळ जोरात. लोक म्हणायला लागले, हे गुपित कशाला? न्यूयॉर्क राज्यात १९७७ मध्ये एक पुस्तिकाच निघाली, कोड फोडून माल किती जुना ते कसं ओळखायचं हे शिकवणारी. तिचं नाव होतं 'ब्लाइंड डेट्स'. शीर्षक देणाऱ्याला माझ्याकडून चहा.

या लढ्यातलं एक नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे: एस्थर पीटरसन. केनेडींच्या काळात कामगार खात्यात वरच्या पदावर, जॉन्सन यांच्या काळात राष्ट्राध्यक्षांची ग्राहकविषयक सल्लागार. १९७० मध्ये या बाई वॉशिंग्टन भागातल्या 'जायंट फूड' या सुपरमार्केट कंपनीत ग्राहक सल्लागार म्हणून गेल्या. चळवळीतल्या काहींना ते अजिबात आवडलं नाही. शत्रूच्या गोटात गेल्या म्हणाले. पण तिथे बसून त्यांनी गिऱ्हाईकाला वाचता येईल अशी तारीख आणि वजनावरची किंमत, म्हणजे किलोला किती पडतं ते, लेबलवर आणून दाखवलं. दुकान बुडालं नाही. उलट चाललं.

मग अमेरिकेत देशभराचा कायदा झाला का? नाही. संसदेत विधेयकं आली आणि पडली. प्रत्येक राज्याने आपापलं काहीतरी केलं, आणि 'सेल बाय', 'यूज बाय', 'बेस्ट बिफोर' अशा शब्दांची खिचडी झाली. आजही तिथे संघराज्याच्या कायद्याने तारीख सक्तीची आहे ती फक्त बाळांच्या फॉर्म्युला दुधावर, आणि तीही मुख्यतः त्यातली पोषणद्रव्यं लेबलवर लिहिल्याइतकी राहावीत म्हणून. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा करून गिऱ्हाईकाला दिसणारं 'सेल बाय' बंदच करायचं ठरवलं, कारण ती सूचना दुकानदारासाठी आहे आणि घरात लोक ती वाचून चांगलं दूध मोरीत ओततात.

युरोपने मात्र एक शहाणपणाची गोष्ट केली. त्यांनी तारखेचे दोन तुकडे केले. १९७० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या युरोपीय नियमाने 'बेस्ट बिफोर' आणलं: या दिवसापर्यंत चव, कुरकुरीतपणा, वास उत्तम राहील अशी हमी. नंतर बिस्कीट थोडं मऊ पडेल, मरणार कुणी नाही. मग १९८९ मध्ये दुरुस्ती झाली आणि जंतूंच्या दृष्टीने लवकर बिघडणाऱ्या पदार्थांवर 'यूज बाय' सक्तीचं झालं. म्हणजे या दिवसानंतर खाऊच नका.

हा काळ बघा. १९८८ च्या डिसेंबरमध्ये ब्रिटनच्या आरोग्य राज्यमंत्री एडविना करी अंड्यांतल्या साल्मोनेलाबद्दल बोलल्या आणि दोन आठवड्यांत त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्याच दिवसांत लिस्टेरिया हे नावही लोकांच्या तोंडी आलं. लिस्टेरिया हा फार वाईट पाहुणा आहे. बहुतेक जंतू फ्रिजमध्ये मंदावतात, हा तिथेही हळूहळू वाढत राहतो. गरोदर बाई, म्हातारी माणसं, तान्ही मुलं यांना तो जिवावर बेततो. आणि पदार्थाला वास येत नाही, रंग बदलत नाही. इथे आजीचं नाक हरतं. 'यूज बाय'ची तारीख आहे ती या जागेसाठी.

तरीही तारखेच्या भरवशावर किती राहायचं? दक्षिण आफ्रिकेत २०१७-१८ मध्ये लिस्टेरियाची जगातली आजवरची सगळ्यात मोठी साथ आली. हजारावर रुग्ण, दोनशेवर मृत्यू. कारण निघालं पोलोनी, म्हणजे तिथे गोरगरीब रोज पावाबरोबर खातात ते स्वस्त तयार मांस. जंतू कारखान्यातच शिरला होता. पाकिटावर कुठलीही तारीख छापली असती तरी काही फरक पडला नसता. गोल्डनरचा डबाच पुन्हा.

आता आपल्याकडे.

आपल्याकडच्या कायद्याला वयाची नाही, भेसळीची भीती होती. ती बरोबरही होती. १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा नावातच ते सांगतो. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचं तेल मिसळलं गेलं आणि ड्रॉप्सीची साथ आली; साठहून जास्त माणसं गेली. ते तेल ताजं होतं.

आपल्या पाकिटावर 'कधी बनवलं' तो महिना आणि वर्ष कुठून आलं? अन्नाच्या कायद्याइतकंच ते वजनमापाच्या कायद्यातून आलं. १९७७ च्या नियमांनी सगळ्याच बंद पाकिटांवर वजन, किंमत यांच्याबरोबर बनवल्याचा किंवा भरल्याचा महिना-वर्ष लिहायला लावलं. साबणालाही तेच, बिस्किटालाही तेच. म्हणून आपल्यातली एक आख्खी पिढी लेबलवर गणित करत मोठी झाली. 'पॅकिंगपासून सहा महिन्यांच्या आत उत्तम' असं एका बाजूला, पॅकिंगची तारीख दुसऱ्या बाजूला घडीत दडलेली. दुकानात उभं राहून बोटं मोजा.

२००६ मध्ये अन्नसुरक्षा आणि मानके कायदा आला, २०११ च्या ऑगस्टपासून लागू झाला. त्याचं कलम २७ मला महत्त्वाचं वाटतं. मुदत संपलेला माल विकला तर जबाबदारी विकणाऱ्यावर, आणि तो पुढे पुरवला तर वितरकावरही. मग २०२० च्या लेबल नियमांनी, जे २०२२ च्या जुलैपासून लागू झाले, 'एक्सपायरी' किंवा 'यूज बाय' सक्तीचं केलं आणि 'बेस्ट बिफोर' ऐच्छिक ठेवलं. म्हणजे युरोपने जे दोन तुकडे वेगळे केले, त्यातला कडक तुकडा आपण जवळजवळ सगळ्यांना लावला. चिप्सच्या पुड्यालाही शेवटचा दिवस आणि पनीरलाही शेवटचा दिवस. समजायला सोपं आहे, मान्य. पण दोन्ही शेवटचे दिवस सारखे नाहीत, आणि पाकीट ते सांगत नाही.

मिठाईचा किस्सा तर खासच. १ ऑक्टोबर २०२० पासून सुट्ट्या मिठाईच्या ट्रेपुढेही 'कधीपर्यंत उत्तम' ती तारीख लावायची असा आदेश आला. कलाकंदासारखी मिठाई त्याच दिवशी खावी असं एफएसएसएआयचंच मार्गदर्शन आहे. जाऊन बघा तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात. पाटी असेल, पण त्यावरची तारीख शेवटची कधी पुसली गेली होती ते बघा.

आणि आता फळीच दिसत नाही. पूर्वी निदान आपण मागचं पाकीट ओढून काढायचो, कारण पुढे जुना माल लावतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. ॲपवर पाकीट निवडतो तो दुसराच कुणीतरी, कुठल्यातरी बंद शटरमागच्या डार्क स्टोअरमध्ये, मिनिटं मोजत. पुन्हा मागची खोली! नोव्हेंबर २०२४ मध्ये एफएसएसएआयने ऑनलाइन विक्रेत्यांना सांगितलं, माल घरी पोचेल तेव्हा त्याचं किमान ३० टक्के आयुष्य किंवा मुदतीआधीचे ४५ दिवस शिल्लक हवेत. २०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्राच्या एफडीएने धारावीतल्या एका क्विक कॉमर्स कंपनीच्या स्टोअरचा परवाना निलंबित केला. तपासणीत काय सापडलं? काही पदार्थांवर बुरशी, शीतगृहाचं तापमान न पाळलेलं, आणि मुदत संपलेला माल चांगल्या मालापासून वेगळा न ठेवलेला. हे शेवटचं सगळ्यात साधं काम. एक वेगळा खोका आणि त्यावर एक चिठ्ठी, एवढंच लागतं.

पण त्या खोक्यातल्या मालाचं पुढे काय होतं, हा प्रश्न आपण फार कमी विचारतो. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला विचारा. काही कंपन्यांचा माणूस एक्सपायरीचा माल परत घेतो, काहींचा महिनोन् महिने टोलवतो. न घेतलेला माल म्हणजे त्याच्या खिशातून गेलेले पैसे. मग मुदत जवळ आलेलं पाकीट कुणाला जातं? तारीख वाचणाऱ्याला नाही. लहान मुलाला पाठवलंय, डोळे अधू झालेली आजी आलीय, इंग्रजी न येणारा मजूर आलाय, त्याला. आपल्या लेबलवरची तारीख बहुतेक वेळा इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरात असते. साठ वर्षांपूर्वीच्या अमेरिकन कोडपेक्षा या माणसांसाठी ती कितीशी वेगळी? मी किराणावाल्याला खलनायक करत नाहीये. नुकसान कुणी सोसायचं हे वरच्या माणसाने खाली ढकललं, की ते ढकलत ढकलत सगळ्यात कमी बोलणाऱ्या माणसाच्या ताटात येतं.

आणि त्याहून वाईट म्हणजे थिनर. मुदत संपलेल्या पाकिटांवरची तारीख थिनरने पुसायची, नवी मारायची आणि माल पुन्हा बाजारात सोडायचा, असे प्रकार देशात वेगवेगळ्या ठिकाणी छाप्यांत पकडले गेलेत. म्हणूनच डिसेंबर २०२४ मध्ये एफएसएसएआयने उत्पादक, आयातदार आणि पुन्हा पाकिटबंद करणाऱ्यांना सांगितलं की मुदत संपलेला आणि नाकारलेला माल किती आणि त्याचं काय केलं, याचा हिशेब दर तिमाहीला ऑनलाइन द्या. आदेश चांगला आहे. हा हिशेब ग्राहकालाही बघता आला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. एस्थर पीटरसननी तेच मागितलं असतं.

दुसरं टोकही सांगतो, नाहीतर तुम्ही आज रात्री फ्रिज रिकामा कराल. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार जगात २०२२ मध्ये १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं ६० टक्के घराघरांत. कोपनहेगनमध्ये २०१६ साली 'वीफूड' नावाचं दुकान उघडलं, ते 'बेस्ट बिफोर' उलटलेला पण खाण्यालायक माल उघडपणे स्वस्तात विकायला लागलं. लोकांनी रांग लावून घेतला. आपल्या कायद्यात एक्सपायरी उलटली की असं दुकान चालणार नाही, आणि थिनरवाले आहेत तोवर चालूही नये असं मला वाटतं.

सगळ्यात गमतीची बातमी मात्र त्या ब्रिटिश दुकानाचीच. मार्क्स अँड स्पेन्सरने २०२२ मध्ये ३०० हून जास्त फळं-भाज्यांच्या पाकिटांवरून 'बेस्ट बिफोर' काढून टाकलं. सफरचंद चांगलं आहे का, हे गिऱ्हाईकाने बघून ठरवावं म्हणे. त्या जागी काय आलं माहितीये? एक कोड. दुकानातल्या कामगारांना वाचता येणारा.

तर मंडळी, काम सांगतो. घरातल्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात मागे हात घाला आणि सगळ्यात जुनं पाकीट बाहेर काढा. त्यावर 'यूज बाय' आहे, 'बेस्ट बिफोर' आहे की गणित घातलंय, ते वाचा आणि फोटो पाठवा. कस्टर्ड पावडर जिंकणार, अशी माझी पैज आहे. आणि दुकानात उलटलेल्या तारखेचा माल मिळाला तर बिल आणि पाकीट दोन्हीचा फोटो काढून ठेवा, पाकीट फेकू नका; 'फूड सेफ्टी कनेक्ट' ॲपवर किंवा जिल्ह्याच्या एफडीए कार्यालयात तक्रार करता येते. पुढच्या भागात भेटू.